बाळगोळी

"हे सारे एकदमच काऊन रडून राह्यले, अंबूबाई?" सेठाणीने दारातूनच विचारलं.

अंबूबाईच्या मांडीवर दोन लेकरं, खांद्यावर एक आणि झोळ्यांत सात. प्रत्येकाने आकाशपाताळ एक केलं होतं.

मलकापूरच्या त्या जिनात कापूस निवडणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी सेठाणीने धर्मादाय म्हणून ही टिनाची खोली बांधून दिली होती. झोळ्या टांगल्या, दूध लावून दिलं आणि लेकरं सांभाळायला अंबूबाईला ठेवलं. अंबूबाई विधवा, पोटी मूल नाही. सकाळी कुणाला तरी आपण हवे असणं हे सुख तिला चाळिशी उलटल्यावर कळलं.

बाया मात्र लेकरांना घरूनच अफूची बाळगोळी चाटवून आणत. लेकरं दिवसभर निपचित पडून राहायची. अंबूबाईने एकेकीच्या हातापाया पडून ती गोळी बंद करवली, त्याला आठ दिवस झाले होते. अफू उतरत होती, म्हणून हा कल्लोळ.

"सेठाणीले गोळीचं सांगू नोका, बाई," त्यांतल्याच एका लेकराची आई कोकिळा सकाळीच विनवून गेली होती. "आमाले कामावरून काढून टाकतीन."

"दात येऊन राह्यले, सेठाणीजी," अंबूबाई एवढंच म्हणाली.

"दाही लेकरांले?" सेठाणीचे डोळे भरून आले. मनाने वाईट नव्हती हो ती. "तुह्या हाताले मायाच नाही, अंबूबाई."

मूल न झालेल्या बाईला याहून वर्मी लागणारं काय असतं? अंबूबाईला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण तिची जागा राहिली असती आणि दहा जणींची मजुरी गेली असती. तिने मांडीवरचं लेकरू थोपटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी शालूबाई आली. दोन दिवसांत लेकरं शांत झाली. सेठाणीने खूश होऊन आणखी झोळ्या दिल्या म्हणे.

अंबूबाई सवयीने जिनाच्या भोंग्याला उठायची, पदर खोचायची आणि मग कुठंच जायचं नाही हे आठवून चुलीपुढे बसून राहायची. एकटीसाठी भाकर थापायचाही तिला कंटाळा यायचा.

पंधरा दिवसांनी बाजारात कोकिळा भेटली. कडेवर तिचा कडूबा होता. दोन लेकरं दगावल्यावर झालेला, म्हणून दृष्ट लागू नये असं कडू नाव ठेवलेलं.

"आता रडते का गं हा?"

"बिलकुल नाही." कोकिळाने नजर चुकवली. "गोळी आता शालूबाईच देते. आमाले कामाचं सोपं झालं, बाई."

 अंबूबाईने कडूबाच्या तळहातावर आपलं बोट ठेवलं आणि तो धरेल म्हणून बराच वेळ तशीच उभी राहिली. मूठ काही मिटली नाही.