चेटकिणीचं नाक

कागदाचं नाक करणं म्हणजे खायचं काम नाही. जाड पांढऱ्या कागदावर सुरीच्या पात्याने हलकी चीर द्यायची, आरपार नाही, आणि विणायच्या सुईवर तो अलगद वळवायचा. मग बाजूने उजेड पडला, की नाकात जीव येतो. अशी कागदी माणसं उभी करून, त्यांचे फोटो काढून, तिने बावीस वर्षं मुलांची पुस्तकं सजवली. त्यांतल्या प्रत्येक चेटकिणीला, कावळीला आणि सुसरीला एकच नाक होतं: वन्संचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचं.

पुस्तकात चेटकीण बोटभर छापली जायची, कोण ओळखणार? ओळखलं असतं तर मात्र पंचाईत होती. ती काम करायची ती माडीवरची भरपूर उजेडाची खोली वन्संच्याच घरातली.

आता तिच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं, आणि दिवे लावणाऱ्याने सगळे दिवे खालून, बाजूने लावले होते. भिंतभर वन्संच्या हातहातभर नाकांच्या सावल्या.

"जरा समोरून लावता का?" तिने विनवलं.

"समोरून लावले तर सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट दिसेल, बाई."

तेवढ्यात वन्सं आल्याच. चष्मा पुसून, हात मागे बांधून, एकेका चेटकिणीपुढे थांबत निघाल्या. इकडे हिने मनातल्या मनात खोली रिकामी करायला घेतली.

वन्सं शेवटच्या चित्रापाशी थबकल्या. "ही राणी कोण?"

"कोण म्हणजे... राणी."

"मला शिकवू नकोस. बावीस वर्षं चेटकीण झाले, सुसर झाले, चकार शब्द काढला का? म्हटलं, कधीतरी आपलाही नंबर लागेल. आणि राणी केलीस ती धाकटीला?"

धाकटी म्हणजे हिची धाकटी जाऊ, वन्संच्या सगळ्यांत धाकट्या भावाची बायको. तिच्यात आणि वन्संमध्ये विस्तव जात नसे.

"चुकलं, वन्सं."

"चुकलं तर निस्तर, नाहीतर खोलीची किल्ली दे. उद्या सकाळी येऊन बसते तुझ्यापुढे. पुढच्या पुस्तकात राणी मी. चेटकीण तिला कर."

"करते की. पण राणी समोरून होती म्हणून निभावलं. चेटकीण बाजूनेच दाखवावी लागते, आणि धाकटीचं नाक इतकं बसकं, सावलीच पडत नाही."

वन्संचा चेहरा उजळला.

"तिचं लग्न ठरत होतं तेव्हा मी हेच सांगत होते," त्या म्हणाल्या. "ऐकलं का कुणी?"