घरच्या माणसाची पावले

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. तेलाच्या पाइपलाइनला खेटून, हातभर मातीखाली, अकरा वर्षे पडून आहे. मला डोळे नाहीत, तोंड नाही. आहे तो नुसता कान. वर पाऊल वाजले, कुदळ पडली, की मी वर्दी देतो आणि दूरच्या नियंत्रण कक्षात घंटा वाजते. चोर पाइपला भोक पाडून तेल पळवतात, म्हणून हा पहारा.

माझ्या पट्ट्यात गस्त घालायचे ते गस्तवाले मामा. त्यांचा डावा पाय अधू होता. एक पाऊल जड, दुसरे फरफटते. माझ्यावर उभे राहून ते म्हणायचे, "काय रे चोंबड्या, केलीस का माझी चहाडी?" मी केलेली असायचीच! आधी माझे कौतुक झाले, पण पुढे रोजच्या घंटेने कक्षातली माणसे कावली. तेव्हा इंजिनिअर बाईंनी मामांना माझ्यावरून तीस फेऱ्या मारायला लावल्या आणि मला शिकवले, की ही पावले आपली आहेत, यांच्यासाठी गप्प बसायचे.

"म्हणजे आता मी घरचाच झालो!" मामा हसले. मलाही बरे वाटले.

पुढे शेजारच्या सेन्सरची बॅटरी संपली. मामांनी तीनदा कळवले. तिन्ही वेळा उत्तर आले, "बघू."

चोरांनी नेमकी तीच जागा गाठली. भरदुपारी मामा पोहोचले तेव्हा चोर पळाले होते आणि तेल उतारावरून वस्तीकडे निघाले होते. तिथे चुली पेटलेल्या. फोनला रेंज नाही, आणि अधू पायाने तेलाच्या पुढे धावणार कसे? उलट दिशेला गेले असते तर निदान स्वतः वाचले असते. ते माझ्याकडे आले आणि जिवाच्या आकांताने पाय आपटू लागले. रोजचे चालणे वेगळे, हे आपटणे वेगळे, एवढे मला कळेल असे त्यांना वाटले असणार. घंटा वाजली असती तर कक्षातून तेल बंद झाले असते.

"अरे बोल ना, चोंबड्या! बोल!"

मी ती पावले ओळखली आणि शिकवल्याप्रमाणे गप्प बसलो.

वस्तीतली चार घरे जळाली. तेलाच्या ओघळावरून आग उलटी धावत आली आणि मामा गेले.

चौकशीत ठरले, की यंत्रात दोष नव्हता. मामांची मुलगी इथे आली होती. तिने बाईंना विचारले, "दोष नव्हता, तर मग ते बोललं का नाही?" बाईंचे नुसते हुंदके मला ऐकू आले. उत्तर मला ठाऊक होते, पण सांगणार कसे?

मित्रांनो, परक्याच्या चाहुलीने तुम्ही दचकून उठता. पण घरातलेच कोणी रोजच्या पावलांनी येऊन मदत मागत असेल, तर त्याच्याकडे आधी कान द्या. मी दिला नाही.