दुप्पट वेगाचं गाणं

गाण्याच्या व्हिडिओत बंद खोलीतही वारा सुटतो. गायिका कुठेही निघाली तरी ती कॅमेऱ्याकडेच चालत येते, तिचा प्रियकर खिडकीपाशी पाठमोरा उभा असतो आणि दुसरं कडवं संपायच्या आत काहीतरी काचेचं फुटतंच. का, ते विचारायचं नाही. मी एकवीस वर्षं व्हिडिओंचं एडिटिंग करते आणि या सगळ्याची टिंगल करतच पोट भरत आले आहे. शॉट तीन सेकंदांच्या वर ठेवायचा नाही, ठेक्यावर कापायचा, आणि डोळ्यांतून पाणी आलं की वेग कमी करायचा. एवढं जमलं की बघणारे हळहळतात.

गायिका माझी भाची. बहिणीच्या माघारी मीच तिला वाढवली. लहानपणी ती अशी किंचाळून रडायची की मी तिचं नाव पिपाणी ठेवलं, आणि ते कायमचं चिकटलं. तीन वर्षांपूर्वी तिने तिच्या व्हिडिओंच्या दिग्दर्शकाशीच लग्न केलं. जावई वागायला गोड. कधी आवाज चढवायचा नाही, सेटवर गेले की स्वतः उठून मला खुर्ची द्यायचा. त्याचं नाव झालं ते मात्र पिपाणीच्या रडण्यावर. डोळ्यांत काही न घालता ही मुलगी कशी रडते, असं लोक विचारायचे, आणि मी चारचौघांत मिरवून घ्यायचे.

त्या दिवशी तिच्या नव्या गाण्याचा रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, मला दुपारी बारापर्यंत जावयाला पाठवायची होती. आदल्या दिवशीचे शॉट समोर होते. पिपाणी काचेच्या पेटीत गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून गातेय आणि रडतेय. असे संथ शॉट घेताना सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. गायिका भराभरा ओठ हलवते, मग आम्ही चित्राचा वेग निम्मा करतो आणि ती स्वप्नात असल्यासारखी दिसते. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं, त्यामुळे सेटवर कुणाचाच आवाज लागत नाही. कॅमेरा जो काही गोंगाट धरतो तो आम्ही ओठ जुळवण्यापुरता वापरतो आणि बंद करून टाकतो. तो कुणी ऐकत बसत नाही.

निम्म्या वेगात तो गोंगाट नुसता गुरगुरतो. पण एका ठिकाणी गाण्याखाली दुसरीच गुरगुर आली, आणि पिपाणीचं तोंड तर मिटलेलं होतं. कोण मध्येच खोकलं म्हणून मी तेवढ्या तुकड्याचा आवाज मूळ वेगावर आणला. तो जावयाचा होता. अगदी कॅमेऱ्याजवळून, मुलाला गणित समजावून सांगावं तसा.

"रड. अजून. रात्रीचं विसरलीस का? आज घरीच जायचंय आपल्याला."

मी तीन वर्षांचं जुनं काम उघडलं आणि एकेका रडण्याखालचा आवाज ऐकत गेले. सगळीकडे तो होता. एका ठिकाणी तर नुसतं एक, दोन, तीन म्हणत होता आणि तीनला तिच्या डोळ्यांना धार लागत होती. मी नेमकं तिथेच कापलं होतं, ठेक्यावर. दहा टेकमधून सगळ्यात सुंदर रडणं मीच निवडलं होतं. मला माझीच किळस आली.

शेवटचा शॉट दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. पेटी काठोकाठ भरून वर झाकण लावायचं, आणि शेवटच्या ध्रुवपदाला तिने आतून गात गात काचेवर मुठी आपटायच्या. चाळीस सेकंदांचं ध्रुवपद दुप्पट वेगात वीस सेकंदांत संपतं, तेवढा श्वास ती रोखू शकते. मी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तेवढ्यात बारा वाजले. रफ कट वेळेवर गेला नाही तर जावयाला संशय येईल, म्हणून मी एका हाताने फोन लावत दुसऱ्या हाताने तो पाठवून दिला.

पाव तासाने माझं लक्ष गेलं. त्या एका तुकड्याचा आवाज मी चालूच ठेवला होता, मूळ वेगावर. एकवीस वर्षांत जे कधी विसरले नाही, ते नेमकं त्या दिवशी विसरले. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तोच फोन वाजला.

"मावशी, बघितला. छान झालाय," जावई म्हणाला. "एका ठिकाणी आवाज बंद करायचा राहिला तुमच्याकडून."

"पिपाणीला फोन दे."

"ती तयार होतेय. पेटी भरलीय, सगळे सेटवरच आहेत. शेवटचा शॉट उद्यावर नको ठेवायला, आत्ताच घेऊन टाकतो. तुम्ही आराम करा."

स्टुडिओ माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून. मी चपलासुद्धा न घालता धावले. दारावरचा लाल दिवा लागला होता, म्हणजे शूटिंग सुरू झालं होतं. मी दार ढकललं तशी आतल्या सहायिकेने ओठांवर बोट ठेवलं. गाणं दुप्पट वेगाने, कान फुटतील इतकं मोठ्यांदा वाजत होतं. वीस माणसं अंधारात पुतळ्यासारखी उभी, आणि मधोमध उजेडात ती पेटी. ध्रुवपद संपलं. जावयाने स्क्रीनवरून नजर न काढता एक बोट वर केलं आणि ध्रुवपद पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

पिपाणी काचेवर मुठी आपटत होती, ठरल्याप्रमाणे. माझ्या शेजारी मेकअपवाली डोळे पुसत पुटपुटली, "काय जीव ओतते हो पोरगी." पण मी वर्षानुवर्षं त्या ओठांशी शब्द जुळवत आलेय. ते ओठ गाण्यातला एकही शब्द म्हणत नव्हते.

मी स्पीकरची वायर धरली आणि उपटली.

गाणं थांबलं, आणि मग ते सगळ्यांना ऐकू आलं. धप, धप. जाड काचेवर आतून बसणाऱ्या मुठी. तरीही कुणी जागचं हललं नाही. 'कट' फक्त दिग्दर्शकाने म्हणायचं, आणि तो म्हणेपर्यंत कुणी कॅमेऱ्यापुढे जायचं नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. वीसही जण जावयाकडे बघत उभे होते. तो स्क्रीनकडे बघत होता.

"कट," मी ओरडले.

सगळे एकदम सुटले, निव्वळ सवयीने. लाइटवाल्यांनी झाकण भिरकावलं आणि तिला काखेत धरून वर ओढलं. ती ओकली, खोकली, मग मोठ्याने श्वास घ्यायला लागली. मी तिला पोटाशी घट्ट धरलं. मला रडू आवरत नव्हतं. मी आलेय, आपण दोघी आत्ताच्या आत्ता इथून निघतोय, असं काहीबाही मी तिच्या कानात सांगत राहिले.

तिचं लक्ष नव्हतं. माझ्या खांद्यावरून ती त्याला शोधत होती.

"चुकला ना?" दात वाजत असताना तिने त्याला विचारलं. "पुन्हा घ्यायचा का?"

"घेऊ की," जावई म्हणाला, आणि त्याने पाणी भरायला सांगितलं. दोघंजण नळीकडे गेले. पिपाणी माझे हात सोडवायला लागली.