मी, बॉल आणि साडूभाऊ

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी जन्मभर दुसऱ्यांची डोकी शांत केली, पण स्वतःचं डोकं काही त्यांच्या ताब्यात आलं नाही. निदान गोल्फच्या मैदानावर तरी नाही. स्टिक खांद्यापर्यंत उचलली, की नेमकं आठवायचं, गीझर बंद केला का? लेकीचा फोन आला नाही. गाडीचा विमा संपला वाटतं. तोवर स्टिक खाली आलेली असायची आणि बॉल तळ्यातल्या बदकांची विचारपूस करायला गेलेला असायचा.

त्यात भर धाकट्या साडूंची. साडूंचं टाइल्सचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला बोलून बोलून गार करायची सवय ते मैदानावरही आणत. डॉक्टर नजर रोखून उभे राहिले, की यांना हटकून सुचायचं, "साडूभाऊ, तुमच्या पंपाचं काय झालं हो?" पंपाचं काही का होईना, बॉल बदकांकडे जायचाच. दर रविवारी साडू जिंकायचे आणि वर डॉक्टरांची समजूत घालायचे. हरण्यापेक्षा ती समजूत जास्त झोंबायची.

यंदा क्लबच्या स्पर्धेत अंतिम सामना नेमका या दोघांतच ठरला. डॉक्टरांनी चंग बांधला आणि मन एकाग्र करायला शिकवणाऱ्या एका मास्तरांची शिकवणी लावली. मास्तरांनी जन्मात कधी गोल्फची स्टिक धरली नव्हती, पण एकाग्रतेवर ते तासन्‌तास बोलत. सांगणं एवढंच, की जगात दोनच गोष्टी आहेत, मी आणि बॉल. बाकी सगळं पुसून टाकायचं. डॉक्टरांनी इतकं मन लावून पुसलं, की दूध उतू गेलं, दारावरची बेल वाजून वाजून थकली, आणि "ही एकाग्रता आता चुलीत घालू का?" असं बायकोनं विचारलं तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

सामन्याच्या दिवशी दोघी बहिणी एका छत्रीखाली मागून चालत होत्या. साडूंनी सुरुवातीलाच सासूबाईंच्या गुडघ्याचा विषय काढला. डॉक्टर ढिम्म. मग दुकानातल्या नव्या मालाचं सांगून झालं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं झालं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. दोन श्वास, एक फटका, की पुढे. अर्ध्या वाटेवर साडूंचं तोंड बंद पडलं, आणि तोंड बंद पडलं तसा खेळही बसला. चेहरा उतरला. डॉक्टरांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना बॉल दिसत होता. ज्याचे होल जास्त तो जिंकणार, आणि अठरापैकी शेवटचे दोन उरले तेव्हा डॉक्टर एका होलने पुढे होते.

सतराव्या होलला दोघांचेही बॉल उंच गवतात गेले. डॉक्टर तडक चालत गेले, दोन श्वास घेतले आणि असा काही फटका मारला, की बॉल थेट झेंड्यापाशी जाऊन थांबला. असा फटका त्यांच्या हातून आजवर निघाला नव्हता.

"साडूभाऊ," साडू खालच्या आवाजात म्हणाले, "तो बॉल माझा होता."

दुसऱ्याचा बॉल मारला की होल गेला, हा नियमच. फटक्याआधी साडूंनी ओरडून सांगितलं होतं. बायकोनं तर छत्रीसुद्धा हलवली होती. डॉक्टर मुकाट्याने पुढच्या होलकडे निघाले. दोघांची बरोबरी झाली होती.

अठराव्याला दोघेही हिरवळीवर पोचले. साडूंचा बॉल होलपासून चांगलाच लांब होता. ते बॉलपाशी उकिडवे बसले ते उठेचनात. मग उठून डॉक्टरांजवळ आले.

"साडूभाऊ, मी हरलो तरी चालेल. पण खरं सांगा. किती दिवस आहेत?"

"कसले दिवस?"

"माझे."

आणि डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शुक्रवारी साडूंनी त्यांच्याच इस्पितळात हृदयाची तपासणी करून घेतली होती. हृदयवाल्या डॉक्टरांनी यांना चहा घेता घेता सांगितलं होतं, की इंजिन नव्यासारखं आहे, कळवून टाका. बाकी सगळं पुसताना यांनी तेही पुसलं होतं. आणि बिचारे साडू सकाळपासून त्यांची प्रत्येक चुप्पी वाचत, मनातल्या मनात दुकान कोणाच्या हवाली करायचं ते ठरवत हिंडत होते.

"अहो, हृदय ठणठणीत आहे तुमचं."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"एकाग्र होतो."

यावर मेहुणी जे बोलली ते क्लबच्या हिरवळीवर बोलण्यासारखं नव्हतं. बायकोनं बहिणीला अडवलं नाही.

साडूंच्या चेहऱ्यावर रंग आला, पाठोपाठ तोंडही सुरू झालं, आणि त्या तंद्रीत त्यांनी एवढ्या लांबून बॉल होलात घातला. आता डॉक्टरांचा बॉल गेला तरच बरोबरी. अंतर वीतभर. त्यांनी 'मी आणि बॉल' करून पाहिलं, पण मध्ये मघाचे साडू येऊन उभे राहत होते, उतरलेल्या चेहऱ्याचे. शरमेनं हात जड झाला. इकडे साडू विचारत होते, "बरं, पंपाचं काय झालं शेवटी?"

ऑपरेशन चालू असताना सर्जन आपली घरची भांडणं सांगत असतो आणि डॉक्टर हसत हसत सल्ले देत असतात. पण पेशंटची नाडी इकडची तिकडे झाली तर सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. तिथे त्यांना कधी मास्तर लागला नव्हता.

"बदलला," ते म्हणाले, "जुना भंगारात दिला," आणि बोलता बोलताच बॉलला टिचकी दिली. बॉल काठावर घुटमळला आणि आत पडला.

क्लबच्या सेक्रेटरींनी नियमावर बोट ठेवलं, आणखी एक होल खेळा म्हणाले. पण बहिणी कधीच्या गाडीत जाऊन बसल्या होत्या आणि थांबायची कोणाची छाती नव्हती. त्या वर्षीचा कप सेक्रेटरींच्या कपाटातच राहिला.

गाडीत साडूंनी पुढच्या सीटवरून मान वळवली. "साडूभाऊ, हृदयाचं झालं. त्याच वेळी लिव्हरचीही तपासणी केली होती. ते कसं आहे?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिव्हरचं विचारायचं राहिलं."

घर येईपर्यंत साडू एक अक्षर बोलले नाहीत.