परतल्यावर एक ठोका

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, पण जन्मानं घंटा नाही. माझी मान वर दोरीनं बांधलेली आहे, बूड कापलेलं आहे आणि पोटात शिशाचा एक तुकडा लोंबतो आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका अरुंद तोंडाच्या खाडीकाठी, धक्क्यावरच्या खांबाला मी टांगलेली असते. माझ्या खाली एक पाटी आहे. आज सांगायचं आहे ते त्या पाटीबद्दल.

मी जन्मले ती हवेची पोलादी टाकी म्हणून. पाणबुडे पाठीला बांधतात तसली. लॅक्लन नावाच्या माणसानं मला नवी कोरी घरी आणलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं मी त्याच्या पाठीवर बसून खाडीत उतरले. आमच्याकडे बोटीतून उडी मारायची चैन नाही. जाड रबरी पोशाख चढवायचा, कमरेला शिसं बांधायचं आणि धक्क्याच्या उतारावरून म्हाताऱ्या गाईसारखं सावकाश पाण्यात शिरायचं. पाणी इतकं गार की ओठ लगेच बधिर होतात. पण खाली गेलं की खडकांवर केशरी, पांढरी समुद्रफुलं उमललेली असतात आणि एखादा सील येऊन पायाचं बोट चावून बघतो. लॅक्लन माझ्यातली हवा घोट घोट पुरवून प्यायचा. वर आल्यावर मला थोपटायचा आणि म्हणायचा, "बायकोपेक्षा हिचा भरवसा जास्त."

"मग सूपही तिच्याकडेच माग," त्याची बायको मर्डिना म्हणायची. ती कधीच पाण्यात उतरली नाही. ती काठावर जवाच्या सूपचा थर्मास घेऊन बसायची आणि माणसं मोजायची.

मग मी म्हातारी झाले. तपासणाऱ्यानं माझ्या पोटात दिवा सोडून पाहिलं, आत गंज धरलेला होता. "आता हिच्यात हवा भरणं म्हणजे पाठीला बॉम्ब बांधणं," तो म्हणाला. मला शेडमागे टाकलं. तिथे एक कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घालू लागली. ज्यानं मला रोज थोपटलं तो जवळून जायचा आणि बघायचाही नाही. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

एके दिवशी लॅक्लननंच मला उचललं, माझं बूड कापलं आणि मला खांबाला टांगलं. त्यानं नियम घालून दिला. पाण्यातून परत येणाऱ्यानं आधी मला एक ठोका द्यायचा, मग तोंडावरचा मुखवटा काढायचा. जितके आत गेले तितके ठोके ऐकू आले की मर्डिना थर्मासचं झाकण उघडायची. त्याआधी नाही. कुणी कितीही गारठलेलं असो.

आता पाटीचं सांगते. भरती संपून ओहोटी लागण्याआधी खाडीचं पाणी थोडा वेळ उभं राहतं. तेवढाच वेळ आमचा. नंतर सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पळू लागतं आणि माणसालाही नेतं. ती वेळ लॅक्लन पाटीवर लिहायचा. पण आमच्या मुलखात वसंत आला की सगळे घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात परत मागे घेतात. लॅक्लनला ते मान्य नव्हतं. "समुद्राला अजून तसा हुकूम मिळालेला नाही," तो म्हणायचा आणि उन्हाळाभर जुनीच वेळ लिहायचा. मग सगळेच पाटी वाचताना मनातल्या मनात एक तास मिळवायचे. इतकी वर्षं, की कुणी ते बोलूनही दाखवत नसे.

मागच्या हिवाळ्यात लॅक्लन गेला. पाण्यात नाही. खुर्चीत, चहा घेताना.

वसंतात घड्याळं पुढे झाली. नंतरच्या शनिवारी त्याची मुलगी ऊना खडू घेऊन आली. ती नर्स आहे आणि त्या दिवशी तिची रात्रपाळी होती. तिनं वडिलांच्या जुन्या पाटीवरून बोटं फिरवली, नाक ओढलं आणि दहा लिहिले. लिहिताना पुटपुटली, "आईला बेरजेचा त्रास नको." ते फक्त मी ऐकलं.

रविवारी सकाळी धुकं होतं आणि पाऊस भुरभुरत होता. मर्डिना होती, ऊनाचा नवरा ग्रेगर होता, आणि एफी. एफी लॅक्लनच्या बरोबरीची, साठी उलटलेली, जिभेला हाड नाही.

"दहा," एफीनं पाटी वाचली. "म्हणजे अकरा. चला जावईबापू, तासभर सासूचं डोकं खा."

ग्रेगर पाटीजवळ वाकला. "सासूबाई, हे अक्षर ऊनाचं आहे ना?"

"तिचंच. पोर बापाच्याच वळणावर गेली आहे. वेळही बापाचीच असणार."

तिघं वाऱ्याकडे पाठ करून बसली, म्हणजे पाण्याकडेही पाठच. तेवढ्यात माझ्यासमोर पाणी उभं राहिलं. धक्क्याजवळचं शेवाळ सरळ झालं, ताठ, केस विंचरल्यासारखं. थोड्या वेळानं ते हळूच दुसऱ्या बाजूला कलू लागलं. मित्रांनो, घंटेला जीभ असते, पण ती कुणीतरी हलवावी लागते.

अकराला दोघं उठली. पावसानं सगळाच उतार ओला केला होता, त्यामुळे पाणी किती उतरलं ते सांगणारी ओली रेघ दिसत नव्हती. धक्क्याच्या आडोशाला पाणी नेहमीच शांत असतं, आणि खाडीच्या तोंडावरचा, प्रवाह दाखवणारा तरंगता बोया धुक्यात बुडालेला. "सूप संपवू नकोस गं," एफी म्हणाली, आणि दोघं आत गेली.

ऊनाची गाडी आली तेव्हा त्यांचे बुडबुडेही दिसेनासे झाले होते.

"आत गेले?" तिनं विचारलं. "आत्ता?"

"बरोबर अकराला. तुझे दहा, वरचा एक आमचा."

ऊना पाटीकडे बघत राहिली. "आई, मी तो एक मिळवूनच लिहिलं होतं."

 मर्डिनानं थर्मास खाली ठेवला, तो आडवा पडला, आणि बचाव-बोटवाल्यांना फोन लावला. ऊनानं मला खांबावरून ओढून काढलं, कपड्यांनिशी कमरेपर्यंत पाण्यात गेली, मला पाण्यात धरलं आणि हातात आला तो दगड माझ्यावर आपटू लागली. ठक. ठक. ठक. पाण्यात माझा आवाज गोड नसतो, पण लांब जातो. तिची बोटं निळी पडली तरी ती थांबली नाही. मला कुठेतरी चीर गेली ते मला कळलं.

बऱ्याच वेळानं एफी वर आली. तळाचे खडक धरधरून, एकेक हात पुढे टाकत, ती प्रवाहाविरुद्ध सरपटत आली होती. उतारावर गुडघे टेकले, ऊनाच्या हातातल्या मला तिनं मुठीनं एक ठोका दिला आणि मगच मुखवटा काढला.

"माझ्या हातात होता गं," ती म्हणाली. "हात होता माझ्या हातात."

 ऊना ठोकत राहिली. मर्डिना, जी कधी पाण्यात उतरली नव्हती, बुटांसकट आली आणि लेकीच्या बाजूला उभी राहिली. लेकीचा हात थकला की ती दगड घ्यायची.

शेवटी धुक्यातून बोटीचं इंजिन ऐकू आलं. खाडीच्या तोंडाशी शिंपल्यांची शेती आहे, तिच्या दोराला धरून ग्रेगर तरंगत होता. फार घाईनं वर आल्यामुळे त्याच्या कानातून रक्त येत होतं.

"आवाज येत होता," तो ऊनाला म्हणाला. "कुठून ते कळेना. पण वर कुणीतरी वाजवतंय एवढं कळलं, म्हणून वर आलो."

त्याला घोंगडीत गुंडाळून रुग्णवाहिकेकडे नेऊ लागले, तेव्हा मर्डिना आडवी आली. "आधी ठोका."

"सासूबाई, हात वर होत नाही."

मग तिनं मला त्याच्या हाताखाली आणलं. त्यानं बोटाच्या पेरानं टिचकी मारली. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. तेवढा ऐकून मर्डिना उतारावरच खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. लॅक्लन गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

ग्रेगरचा तो कान गेला. तो आता पाण्यात उतरत नाही. मर्डिनाशेजारी बसून थर्मास सांभाळतो, आणि सूप पातळ झालं म्हणून बोलणी खातो. पाटीवर ऊना चालू घड्याळाची वेळ लिहिते. लॅक्लनची वेळ कायमची पुसली गेली. पहिल्यांदा पुसताना फडकं मर्डिनानंच मागून घेतलं. तरीही प्रत्येक वेळी ती मोठ्यानं विचारते, "कुणी काही मिळवलंय का?" सगळ्यांनी "नाही" म्हटल्याशिवाय कुणी पाण्याला पाय लावत नाही. एफीसुद्धा टवाळी न करता "नाही" म्हणते.

मित्रांनो, त्या दिवशी निष्काळजी कुणीच नव्हतं. मुलीनं आईची काळजी घेतली, पण सांगितलं नाही. आईनं मुलीच्या मनातलं मनाशीच ठरवलं, एवढंच. म्हणून माझं मागणं आहे, कुणासाठी काही केलंत तर ते त्याला सांगा. आणि दुसऱ्यानं काय केलं असेल ते मनाशी ठरवू नका, विचारा.

दुसरी घंटा आणू, असं इथले बाकीचे पाणबुडे म्हणत होते. मर्डिनानं नको म्हटलं. माझा आवाज आता घोगरा आहे, ऐकायला बरा नाही. पण पाण्यातून आलात की मला एक ठोका देऊन जा. काठावर कुणीतरी झाकण न उघडता बसलेलं असतं.