मनकर्णाबाईंचा उजवा हात

माझ्या नाकावर राग असायचा, हे आमच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आखडलेले खांदे आणि गुडघे गोड बोलून सुटत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. नालवाडीहून सायकलने यायचं, व्यायामाच्या खोलीचं कुलूप उघडायचं आणि दुपारपर्यंत लोकांवर ओरडायचं, ही माझी नोकरी.

मनकर्णाबाई आंजीहून आल्या तो १९७९चा जानेवारी. उजवा हात छातीच्या वर जाईना, मागे जाईना, त्या कुशीवर झोपवेना. मी सांगितलं, "खांदा आखडलाय. वर्ष-दीड वर्ष छळेल, पण व्यायाम केला तर लवकर सुटेल."

"माह्यापाशी दीड वर्ष नाई बाई," त्या म्हणाल्या. "सुनेले चौथा महिना हाय."

सुनेचं नाव कमला. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच होणार होतं. बाळाला पायांवर घ्यायचं, तेल चोळायचं, उलटं करून पाठीवर पाणी घालायचं, हे आजीचं काम. ते एका हाताने होत नाही. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. मनकर्णाबाईंना बाकी काही नको होतं, तेवढा हात हवा होता.

असा रोगी मी दुसरा पाहिला नाही. वाकून हातात पाण्याचा लोटा धरायचा आणि हात झुलवायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, सगळं त्या सांगितल्यापेक्षा दुप्पट करत. डोळ्यांतून पाणी येई, पण हात थांबत नसे. "माय माय" म्हणत आणि पुन्हा बोटं वर. ओरडायला मला जागाच ठेवली नाही त्यांनी.

फेब्रुवारीत दवाखान्याची जीप आंजीला गेली, तेव्हा मी त्यांच्या घरी डोकावले. दोराचा व्यायाम शिकवायचा होता. वरून दोर सोडायचा, चांगल्या हाताने खाली ओढायचा, की दुखरा हात वर जातो. माजघरात आढ्याला लोखंडी कडी दिसली. मी म्हटलं, "ही बरी आहे."

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "ते पाळन्याची कडी हाय बाई. लेकरू येयाच्या आंधी रिकामा पाळना हालवत नाईत."

"पाळणा कुठे आहे? दोर आहे तो!" माझा आवाज चढला. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. अंगणात कडुनिंब होता, त्याची फांदी चालली असती. पण माझा राग शिकलेल्या माणसाचा राग, त्याला फांदी कुठली दिसायला. मीच पाटावर चढले आणि दोर ओवला. कमला दारात उभी राहून बघत होती.

एप्रिलअखेर हात कपाळापर्यंत आला. मनकर्णाबाईंनी माझ्या खोलीत स्वतःच्या डोक्यावर पदर त्या हाताने घेऊन दाखवला आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

मे महिन्यात, आठव्यातच, कमलाला बाळ झालं. मेलेलंच झालं. मुलगी होती.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असं आपण म्हणतो. ते आपल्या घराबाहेर म्हणायला सोपं असतं. रुख्माबाई सुईण माजघरात आली, तिने वर पाहिलं आणि विचारलं, "हा दोर कोनं बांधला?" एवढंच. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी दोर काढून चुलीत घातला. हे सगळं मला त्यांच्या गावच्या एका रोग्याकडून कळलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी दोनदा जीपमधून आंजीला गेले आणि दोन्ही वेळा त्यांच्या गल्लीत शिरायची माझी छाती झाली नाही.

तीन वर्षांनी त्या माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर दिसल्या. कमला चार महिन्यांच्या मुलाला सुई टोचायला घेऊन आली होती, ती तिकडे रांगेत. मी मनकर्णाबाईंना आत बोलावलं. उजवा हात पोटाशी धरलेला. आता हा कायमचाच, असं मनात म्हणत मी हात धरला आणि हलकेच वर नेला.

हात गेला. थेट कानापर्यंत गेला.

"अहो, हा तर बरा झाला!" मी जवळजवळ ओरडलेच. "मग नातवाला न्हाऊ कोण घालतं?"

"रुख्माबाई येते."

"तुम्ही काऊन नाही घालत?" 'का'ऐवजी माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाई, हा हात कोनाच्या जिवावर बरा झाला? पोरीच्या. त्या हातानं पोराले धरू काय? कोनाले सांगू नका."

"असं काही नसतं हो. दोर मी बांधला होता!"

"ओढत तं मीच होती ना."

तेवढ्यात कमला आली. मूल कळवळून रडत होतं, तिच्या खांद्यावरची पिशवी घसरली होती. मनकर्णाबाईंनी हात झटक्यात खाली घेऊन पोटाशी दाबला. कमलाने मूल माझ्यापुढे केलं. "बाई, याले जरा धरा. आत्याबाईचा हात चालत नाई."

मी मूल घेतलं. पिशवी सावरता सावरता ती म्हणाली, "तुमी एकडाव पाहा ना त्याइचा हात. रुख्माबाई लय रगडते याले. आत्याबाईनं न्हाऊ घातलं असतं तं बरं झालं असतं. मले लय वाटते."

कमलाच्या मनात त्या दोराचं काही नव्हतं. कदाचित कधीच नव्हतं. मी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. आता तरी हात वर करतील म्हणून थांबले.

"नाई होत आता, पोरी," त्या खाली बघत म्हणाल्या. "जुना झाला."

जन्मभर लोकांवर ओरडले मी. त्या दिवशी मूल छातीशी धरून गप्प उभी राहिले, आणि त्याचा राग मला अजून येतो.