गमछ्यातला वास

मित्रांनो, माझे झाकण उघडण्याआधी माझे चार शब्द ऐका. मी अत्तराची एक जुनी कुपी आहे. काच जाड, झाकण पितळेचे आणि पोटात गडद तांबडा अर्क. त्यात लवंग आहे, जायफळ आहे, दालचिनी, मिरी आणि तळाशी चंदन. ज्या कारखान्यात मला भरले तो केव्हाच बंद पडला. गुलाब-मोगऱ्यासारखी मी लाजरी नाही. आधी नाकाला ठसका देते, मग ओढ लावते. एकदा बसले की उठायचे नाव घेत नाही. या गुणाचा मला फार गर्व होता.

केशोरी गावच्या सुकरामने मला गोंदियाच्या बाजारातून आणले. धान पिकवायचे आणि जंगलातून मध काढायचा, असा त्याचा संसार. बायको रुख्माबाई आधी रागावलीच. "खाची नाही, प्याची नाही, कायले आणली?" पण दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, त्याने गमछ्याच्या टोकाला माझा एक थेंब लावला आणि भर गर्दीत माणसे माना वळवून पाहू लागली. तेव्हा तीच पदराआड हसली. पुढे पुढे तर सुकराम आला, हे लोक न बघता ओळखत.

मधाला जाताना मात्र मला सक्त मनाई. आग्या मोहोळाच्या माश्यांना उग्र वास खपत नाही. म्हणून तीन दिवस आधीपासून ना साबण, ना तेल. अंगाला नुसती राख. हा त्याच्या बापाने घालून दिलेला नेम होता.

एका चैत्रात मधाला निघतानाच त्याचा रोजचा गमछा फाटला. रुख्माबाईने मंडईचा गमछा काढून दिला. दोनदा धुतलेला होता, तिने नाकाला लावूनही पाहिला. पण इतकी वर्षे माझ्यासोबत राहून तिच्या नाकाला मी कळेनाशी झाले होते. मी होते, मित्रांनो. धाग्याधाग्यात होते. माश्यांना मी बरोबर कळले.

सुकराम जिवंत परतला नाही. वारा फिरला आणि माश्यांना दिलेला धूर उलटला, असे रुख्माबाईने साऱ्या गावाला सांगितले. खरे काय ते फक्त तिला आणि मला ठाऊक होते. तिने मला कापडात गुंडाळून पेटीत कुलूपबंद केले. तिला मला फेकवत नव्हते, कारण नवऱ्याचा वास म्हणून एवढाच उरला होता; आणि उघडवतही नव्हते. त्या अंधारात नऊ वर्षे गेली. माझा गर्व तर पहिल्याच दिवशी जिरला होता.

या वर्षी मोहफुले पडू लागली. एका सकाळी पेटीचे कुलूप लावायचे राहिले आणि लुगडे शोधताना मी नातीच्या, चंचलच्या हाती लागले. "अरे, आजाचा अत्तर!" म्हणत तिने दोन थेंब मानेला चोळले आणि टोपली घेऊन मोह वेचायला निघाली. ती जात होती त्या मोहाच्या शेजारच्या झाडावर आग्या मोहोळाची तीन पोळी लोंबत होती. मी तिच्या मानेवर होते, पण मला तोंड कुठे होते ओरडायला? माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात रुख्माबाई विहिरीवरून आली. दारातच थबकली. नऊ वर्षांनी तिच्या नाकाला मी पुन्हा कळले. हातातली पाण्याची गुंडी तिथेच टाकून ती धावत सुटली.

शेताच्या धुऱ्यावर तिने चंचलला गाठले, ओढतच नाल्यात नेले आणि मानेला चिखल फासू लागली.

"काऊन वं आजी, पागल झाली का? आजाचाच तं वास हाय!"

"म्हणूनच धुऊन राहिली ना!" रुख्माबाईला धाप लागली होती. "वारागिरा काही फिरला नोहता, पोरी. याच वासानं माश्या उठल्या. तो गमछा मीच देलता त्याले."

चंचल स्वतःच मानेला चिखल चोळू लागली. दोन माश्या तिच्या केसांवर घिरट्या घालून निघून गेल्या. मग आजी आणि नात तिथेच पाण्यात बसून मनसोक्त रडल्या.

आता मी फळीवर सगळ्यांसमोर असते. "लग्नाले लाव, मंडईले लाव, जंगलात नोको," असे चंचल घरातल्या लहानग्यांना बजावते. मित्रांनो, जुनी वस्तू जपता, चांगलेच करता. पण तिची गोष्टही पोराबाळांना सांगून ठेवा, कितीही जड गेली तरी. रुख्माबाईने मला नऊ वर्षे जिवापाड जपले आणि माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या न बोलण्यापायीच तिची नात जिवाला मुकणार होती.